बोफ

वाशीला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
पडद्याला एक सुरकुती आहे,
आणि ती नेमकी नायकाच्या नाकावरून जाते.
सिनेमा फ्रेंच. विनोदी, असं पत्रकात.
कादंबरीवरून, हेही पत्रकात, बारीक टायपात.

ती कादंबरी माझ्याकडे आहे.
म्हणजे मराठीत आहे, तीन दोनशेपानी वह्यांत,
निळ्या शाईने, शेवटचं पान सोडून.
कुणी छापली नाही. मीही फारसं कुणाला विचारलं नाही.

गोष्ट अशी: एक घड्याळजी
बायकोला सांगतो, कामासाठी पॅरिसला चाललो,
आणि राहतो समोरच्याच खाणावळीत, अकरा दिवस,
पडद्याच्या फटीतून स्वतःचं घर बघत.
ती दिवा कधी लावते. कुणाशी हसते.
पुस्तकात हे वाचताना घसा दुखतो.
सिनेमात त्याच्या खोलीत एक बदक आहे.

लोक हसतात, पण जरा आधीच.
खालची इंग्रजी ओळ नटाच्या तोंडापुढे धावते,
विनोद आधी वाचून होतो, मग बोलला जातो.
फक्त माझ्या शेजारचे गृहस्थ
वेळेवर हसतात. एकटे. मोठ्यांदा.
भोईर, कोपरखैरण्याचे.
मोतीबिंदू काढलाय, अक्षरं लागत नाहीत.
फ्रेंच येतं तुम्हाला?
"शिव्या येतात," म्हणाले.
बेलापूर रोडच्या कारखान्यात बॉयलरवर होते,
वरचा इंजिनियर फ्रेंच, नऊ वर्षं.
"मानूस सोनं. तोंड गटार."

मग मी त्यांच्या कानाशी सांगत राहिले.
आधी पडद्यावरचं, मग पडद्यावर नसलेलं:
सहाव्या प्रकरणात ती त्याची उशी
रोज उन्हात ठेवते, रोज आत घेते,
हे कापलंय, बदकाला जागा हवी होती.
पुढच्या रांगेतल्या दोघींनी
माना तिरक्या केल्या.
मी आवाज थोडा वाढवला.

शेवटी तो घरी येतो.
पुस्तकात रात्री, रस्ता ओलांडून, बावीस पावलं.
सिनेमात पिंपात पडून, बँडसकट.
दोन्हीकडे विचारतो, माझ्याशिवाय कसं गेलं?
आणि ती एकच शब्द म्हणते.
शब्द तरी कुठला, ओठांतून सुटलेली हवा.
बोफ.
ढोलाखाली दबला. खालची ओळ कोरी.

इथेच अडले होते मी.
'छे' लिहिलं, खोडलं. 'असो' लिहिलं. 'ठीक'.
नेरूळच्या सिडकोच्या दोन खोल्यांत
एक माझी होती तेव्हा, एक श्रीनिवासची,
आणि त्या हवेत राग किती, माफी किती,
मला मोजून हवं होतं.

भोईर खूश. "हां, बोफ!
साहेब रोज बोलायचा.
बायको तिकडं, हा इकडं. मी विचारायचो,
साहेब, आठवन येते काय घरची?
तर बोफ."
म्हणजे काय हो?
त्यांनी खांदे उडवले, खालचा ओठ पुढे काढला,
"काय नाय गो. चाललंय आपलं."

दिवे लागले. पडदा नुसता पांढरा, सुरकुतीसकट.
जिन्यातच, पत्रकाच्या पाठीवर,
मी ते लिहून घेतलं.
'आपलं' ठेवायचं की काढायचं
ते अजून ठरत नाहीये.

भोईर एकेक पायरी चपलेने चाचपत उतरत होते.
मध्येच थांबले.
"बदक पुस्तकात पन होतं ना?"
हो, म्हटलं. होतं की.