घर बघायला मे महिन्यात या

मॅडम, घर बघायला मे महिन्यात या.
डिसेंबरात धुळ्यातलं कुठलंही घर
चांगलंच वाटतं.
मेच्या दुपारी चार वाजता जा,
एजंटला खाली चहाला पिटाळा
आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा.
दहा आकडे मोजेपर्यंत हात टिकला
तर पुढचं बोला.

एकतीस वर्षं मीटर वाचले मी.
देवपूर, गल्ली नंबर चार, साक्री रोड.
लोक मला आवाजावरून ओळखायचे,
मी त्यांना आकड्यांवरून.
कूलर कधी लागला, पोरगी बाळंतपणाला कधी आली,
कुणाचं बिऱ्हाड पुण्याला गेलं
आणि मागे नुसता देव्हाऱ्यातला बल्ब राहिला.

सातबारा, एन.ए., नकाशा तुमचा वकील बघेल.
तुम्ही दारापुढचे ड्रम मोजा.
एक ड्रम असेल तर ठीक, तीन असतील तर
पाणी कितव्या दिवशी येतं हे विचारूच नका, कळलंच.
बोअरचं मात्र टँकरवाल्याला विचारा.
तो खोटं बोलत नाही, त्याला गरज नाही.
भदाण्यांच्या प्लॉटवर त्यानेच सांगितलं होतं,
"पानी शे, पन गोड नही."

आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते?
हे आधी. पार्किंगच्या आधी.
तुम्ही चिपळूणच्या, तुम्हाला छप्पर म्हणजे पावसासाठी.
आमच्याकडे छप्पर झोपायला लागतं,
मार्चपासून जूनपर्यंत,
संध्याकाळी चार बादल्या ओतून.

बाकी करमणुकीचं म्हणाल तर
थंडीत नकाण्याच्या तलावावर जा, सकाळी,
दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर माझी घ्या.
वांग्याच्या भरिताला कुणी शेतावर बोलावलं
तर डाएट सांगू नका.
पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं,
कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा,
आणि हात धुवायला मोटारीचं पाणी. तिथे ओळखी होतात.
गायीगुरांच्या डॉक्टरला ओळखी लागतात.

लळिंगला मात्र सहाच्या आत चढायला लागा.
नऊनंतर तो दगड तवा होतो.
माणशी दोन बाटल्या, पायात बूट, चप्पल नाही,
कुसळं मोज्यात शिरतात.
वर टाकी आहेत, त्यातलं पाणी बघायचं, प्यायचं नाही.
मी दर रविवारी जातो. गुडघ्याला पट्टा बांधून जातो.

एक सांगायचं राहिलं.
वर गेलं की मी उत्तरेकडे तोंड करून बसायचो.
सात वाजता आमची सुमनबाई गच्चीवर यायची,
स्टीलचं ताट घेऊन, उन्हाकडे तिरपं धरून.
एवढ्या पसरलेल्या धुळ्यात
एक ठिणगी चमकायची. दोनदा. मग थांबायची.
दोनदा म्हणजे सगळं ठीक.
तीनदा म्हणजे येताना दूध आणा.

आमच्या दक्षिणेला पाच मजली उभी राहिली.
घर घेताना पुढचा प्लॉट कुणाचा ते मी विचारलं नव्हतं.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची घरं बघून.
आता ती ताट धरते, मी वर बसतो,
मधे कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी.
मोबाइल आहे की, असं पोरगा म्हणतो.
आहे. लागतोही.

तर मॅडम, त्याच बिल्डिंगमधला पाचवा मजला
विकायला काढलाय.
भिंत बघितली मी, हात टिकतो.
ड्रम दोन. लिफ्ट कधी कधी.
दक्षिणेला मोठी गॅलरी, पुढे नुसती शेतं, मग हायवे,
मग लळिंग.
भाव थोडा जास्त सांगतोय, पण अहिररावांना
माझं नाव सांगितलं तर उतरेल.

घेतलात, तर रविवारी सातला
एक म्हातारी दार वाजवेल.
चहा विचारू नका, उशीर होतो.
तिला फक्त गॅलरीत जाऊ द्या.
ताट ती घरून आणेल.