सहभागी क्रमांक सात

हर्णैच्या पुळणीवर चारला लिलाव सुरू होतो.
बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात उतरतात,
सुवर्णदुर्ग आपला पाठ करून बसलेला.
डॉक्टर इरावती माइणकर बारा वर्षांनी आल्या
तेव्हा ओहोटी होती, चपला हातात.

मी त्यांचा तेव्हाचा दुभाषा.
दिवसाला दीडशे रुपये आणि चहा.
काम एवढंच : कोण फोन कसा धरतं ते बघायचं,
मध्ये बोलायचं नाही.
तेच जड गेलं. आमच्या बंदरात
मध्ये न बोलता कोणी काही बघत नाही.

त्यांचं स्टॉपवॉच चांगुणा चोगलेवर लागलेलं.
तिच्या हाताला म्हाकुलाची शाई, खवले, बर्फाचं पाणी;
काचेला तिचं बोट ओळखू येईना.
तीनदा दाबलं, चौथ्यांदा शिवी दिली,
मग फोन तोंडासमोर धरून
नाकाच्या शेंड्यानं हिरवं बटण सरकवलं
आणि दापोलीच्या व्यापाऱ्याला सांगितलं :
सुरमई, चार नग, येतोस तर ये, नाहीतर गेली.
स्टॉपवॉच चालूच राहिलं.
बाईंचं पेन थांबलेलं.

त्याचा निबंध झाला. परदेशात वाचला गेला.
मला एक प्रत आली, पाकिटावर आडनाव चुकलेलं.
आत चांगुणा नव्हती. स. ७ होती.
नाक मात्र होतं, आकृती तीनमध्ये,
बाण काढून दाखवलेलं.

आता बाईंच्या बढतीच्या अर्जात एक रकाना आहे :
प्रभाव. खाली बारीक अक्षरात, पुराव्यासह.
म्हणून त्या सोसायटीच्या पत्रावर
माझ्याकडून चार ओळी न्यायला आल्या होत्या.

चांगुणानं त्यांना ओळखलं ते उधारीवरून.
मांदेलीचे साठ रुपये.
मग म्हणाली, तुझ्या त्या कागदाचं काय झालं गो?
एक हजार दोनशे बारा जणांनी दाखला दिला त्याचा, बाई म्हणाल्या.
चांगुणानं गिऱ्हाइकाला पापलेटाचा कल्ला उघडून लाल दाखवला,
आणि मान न वळवता :
म्हंजे बोली बक्कळ लागली.
पन माल कुनी उचलला?

बाई हसल्या नाहीत. हे मला आवडलं.
एका कंपनीचा माणूस आला होता, म्हणाल्या,
पुढे ती कंपनीच विकली गेली.

मी तेव्हाही मध्ये बोललो नाही.
सोसायटीच्या डिझेल यंत्रावर
'पक्कं' आणि 'रद्द' शेजारी शेजारी होते.
दोर ओढून सुजलेला अंगठा दोन्हींवर एकदम पडायचा,
रांग तुंबायची, आया-बहिणी निघायच्या.
दोन आठवडे मी रिकाम्या पिंपावर बसून
नुसते अंगठे बघितले.
मग चिपळूणच्या पोराला फोन केला :
'रद्द' वर ने, लांब, कोपऱ्यात.
तो हसला. पण नेलान.
भांडणं थांबली म्हणणार नाही,
आता दुसऱ्या कारणांनी होतात.

याचा दाखला कोण देणार?
मी निबंध लिहीत नाही.
त्यांचाही अर्धाच वाचला,
पुढचं इंग्रजी खडकाळ लागलं.

पत्रावर मी लिहिलं :
बाईंनी मला गप्प बसून बघायला शिकवलं.
एवढ्यावर शिक्का मारला. शाई सुकलेली, दोनदा मारावा लागला.
बाई बराच वेळ ते वाचत राहिल्या, एकच ओळ असून.

जाताना त्यांनी साठ रुपये दिले
आणि निबंधातला तो बाण दाखवला.
चांगुणानं नाक ओळखलं, वर बघितलं :
सात? मी सात कशी? माझ्याआधी सहा कोन?

बाई बोटांवर मोजू लागल्या.
मथुरा. झुलेखा. ती बोरकरांची सून.
चौथ्या बोटावर अडल्या.
तुळसा, चांगुणा म्हणाली,
फोन पान्यात टाकलान तिनं, तुज्यासमोर,
आनि हसत बसली, आठवतंय?

बाईंनी अर्ज उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूला नावं लिहायला घेतली.
पाणी घोट्याशी आलं होतं.
चपला कुठे ठेवल्या ते
कुणालाच आठवेना.