छाट

गोष्टीत एक चेकर आहे, भरमू कुराडे.
विडी कारखान्यात जाळीमागे बसतो,
बायकांनी आणलेले कट्टे उलगडतो,
कच्च्या, फुटक्या, तोंड न मिटलेल्या विड्या
बाजूच्या डब्यात टाकतो.
याला निपाणीत छाट म्हणतात.

समोर गंगव्वा. हजार विड्या,
टोपलीत, ओल्या फडक्याखाली.
मालकाचा निरोप सकाळीच आलाय :
आज चांगल्यातल्याही चाळीस काढ.

पहिल्या खर्ड्यात मी भरमूला रडवला.
दुसऱ्यात त्यानं मालकाच्या टेबलावर डबा आपटला,
बायका टाळ्या वाजवू लागल्या,
आणि माझी मलाच लाज वाटली.
इथं कुणी टाळ्या वाजवत नाही.
बायका नाकाला पदर लावून हिशेब ऐकतात,
तंबाखूचा ठसका लागला
तर बाहेर जाऊन खोकतात.

तिसऱ्यात लिहिलं,
‘त्याच्या मनात द्वंद्व चाललं होतं.’
चाललं होतं म्हणे.
कुठं चाललं होतं? चिकोडीला?

रात्री वीज गेली. आई कंदिलापाशी
तांदूळ निवडत होती. सहज विचारलं,
अप्पा कारखान्यातनं आले की आधी काय करायचे?
‘मोजायचे.’
काय?
‘काय की. बोटं हलायची. जेवताना बी.
तोंडानं माझ्याशी मराठीत बोलनार
आनि बोटं आपली वंदू, येरडू, मूरू.
तुझ्या आज्जीनं तसंच शिकिवलेलं न्हवं.’
खडा सापडला. तो तिनं उंबऱ्यापलीकडं टाकला.

तेवढ्यावर परत बसले.

टोपली. ओलं फडकं.
भरमू काढलेल्या विड्या मोठ्यानं मोजतो,
मालकाच्या माणसाला ऐकू जाईल असं :
तेवीस, चोवीस, पंचवीस.
खाली बोटांची निराळीच मोजणी,
आईच्या भाषेतली,
जिच्यात तो लहानपणी चिंचोके मोजायचा
आणि एकही कुणाला द्यायचा नाही.
सव्वीस आणि इप्पत्तारू
एकाच विडीवर येऊन थांबतात.
घट्ट वळलेली. दोरा सरळ.
तोंड नखानं दुमडलेलं,
नखाची चंद्रकोर पानावर अजून ओली.
अंगठा तिच्यावरनं हलत नाही.
ठेवली तर सोमवारी या जाळीमागं दुसरं कुणी.
टाकली तर

गंगव्वा एवढंच म्हणते,
‘मोज की गा, बस जाईल माझी.’

तो टाकतो.
सव्वीस, म्हणतो.
आणि पुढं : अठ्ठावीस.

मालकाचा माणूस चहात बुडवलेली खारी
पडू नये म्हणून वाकलेला.
गंगव्वाच्या भुवया जरा वर जाऊन खाली येतात.
तिला आकडे कळतात, दोन्ही भाषांतले.

एक विडी वाचली. हजारात एक.
चुकून की जाणून, ते मी लिहिलं नाही,
भरमूलाही विचारलं नाही.
मागं जाऊन ‘द्वंद्व’वालं वाक्य काढलं,
डब्यात टाकलं. मग त्याच्या शेजारचं,
मग एक बरं वाक्यही,
जे मला आवडत होतं.

वीज आली. आई डोळे चोळत म्हणाली,
‘अप्पांचं लिवायलीस व्हय गं?’
छे, दुसऱ्याच कुणाचं, म्हटलं मोठ्यानं,
आणि वहीच्या समासावर
माझी बोटं कुठल्यातरी आकड्याला
अडली होती.