मानशीचं दार

रायबंदरहून चोडणला जाताना
फेरीबोटीतच लॅपटॉप उघडला.
शेतकरी संघटनेचा फॉर्म होता:
मानशीच्या मासळीची पावणी, यंदा ऑनलाइन.
नाव, घर नंबर, बोलीची रक्कम,
आणि खाली ‘अटी मान्य’चा एवढासा चौकोन.

पान उघडतं तेव्हा बटण करडं,
ओहोटीच्या चिखलासारखं.
चौकोनात खूण पडली की निळं,
खूण काढली की पुन्हा चिखल.
डिसेबल्ड बरोबर ट्रू, डिसेबल्ड बरोबर फॉल्स.
एवढंच. फेरी अजून
नदीच्या मध्यालाही पोचली नव्हती.

रात्री पप्पांना दाखवलं.
चाळीस वर्षं मानशीवर काढलेला माणूस,
स्क्रीनला लावण्याआधी बोट लुंगीला पुसलं,
करड्या बटणावर दाबलं. परत दाबलं.
“बंद आहे तर दिसतं कशाला?”
म्हटलं, इथे दार आहे एवढं कळावं म्हणून.
“हां. म्हणजे आमचंच की.”

मानशीच्या दाराला कडी नसते.
भरती चढली की नदीच ते लोटून घेते,
ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं.
माणसाने जाळं लावायचं
आणि जागं राहायचं.

पहिल्या रात्री कायतानने बटण सात वेळा दाबलं.
रेंज नव्हती, त्याला वाटलं गेलंच नाही.
सकाळी यादीत कायतानच्या सात बोल्या,
प्रत्येक आधीच्या कायतानवर शंभर रुपये चढवून.
मग लिहिलं: एकदा दाबलं की करडं हो.

दुसऱ्या रात्री सर्व्हर पडला.
“बटण मेलें गो बाये,”
कायतानचा फोन, साडेअकराला.
खरंच मेलं होतं.
चूक झाली तर परत उघडायची ओळ
मी लिहिलीच नव्हती.

आणि तिसऱ्या रात्री, मुदत संपून तासभर झाल्यावर,
बटण करडं असताना
एक बोली आत आली.
कुणीतरी पानाच्या पोटात हात घालून
एकच शब्द खोडला होता.
निळं झालं, दाबलं, गेलं.

पप्पांना सांगताना मान वर होईना.
ते भाकरी मोडत राहिले.
“दाराकडे कोण बघतो?
खेकडा बांधात बीळ पाडतो.
उधाणाच्या रात्री आम्ही कंदील घेऊन
बांधावरून चालायचो, दारावरून नाही.”

मग बसले.
सर्व्हरच्या बाजूला, जिथे कुणाला काही दिसत नाही,
तिथे तेच सगळं पुन्हा लिहिलं:
वेळ आहे का, खूण आहे का,
रक्कम रक्कमच आहे का,
हा कायतान आधी येऊन गेला का.
एकेक बीळ, चिखलाचा एकेक गोळा.

तीन वाजून गेले. खाली खाजनात
धप्प झालं, भरतीने दार लावलं.
आतल्या खोलीत पप्पा कुशीवर वळले,
मोजत असावेत.
मी बोट ओढणीला पुसलं
आणि करड्या बटणावर दाबून बघितलं.