कनवटीला

हॉलिसच्या दुकानात काचेखाली
सतरा पिस्तुलं एका कुशीवर निजलेली.
मी म्हटलं, सगळ्यांत लहान दाखव.
तो हसला नाही. म्हणाला, डोरीन,
सगळे तेच मागतात
आणि महिन्याभरात परत आणून ठेवतात.

लहान ते नाठाळ.
अंगात वजन नाही, म्हणून झटका सगळा मनगटात.
करंगळीला तर जागाच नाही,
ती लोंबत राहते, आगंतुक पाहुण्यासारखी अवघडून.
मोठं हातात शहाण्यासारखं बसतं,
पण सदऱ्याखाली गळवासारखं दिसतं.
मधलं काहीतरी बघ, तो म्हणाला.
लग्नाच्या वेळी आईही हेच म्हणाली होती.

माझ्या अंगठ्यांच्या सांध्यांत
चोवीस वर्षांची नोकरी साचली आहे:
मरणाऱ्या माणसांना दर दोन तासांनी कूस बदलून देणं.
स्लाइड मागे ओढवेना.
दोनदा ओढली. तिसऱ्यांदा हॉलिसनं
नजर खिडकीबाहेरच्या पेट्रोल पंपाकडे नेली,
म्हाताऱ्या माणसाची बटणं लागेपर्यंत आपण नेतो तशी.

मग एक निघालं, मऊ स्प्रिंगचं.
काळं, बोथट, तळहातात मावणारं,
नाक वर करून बघावं असं काही नाही त्यात.
मी फॉर्म भरला. त्यानं फोन लावला.
सात मिनिटांत मी भली बाई ठरले.
कशासाठी हवंय, ते त्यानं विचारलं नाही,
आणि मी सांगितलं नाही
की ऑगस्टमधल्या एका रात्री, टॅकेटांच्या अंगणात
माझ्या गाडीचं दार सताड उघडं होतं
आणि त्यांचा धाकटा, रँडल,
सीटखाली कोपरापर्यंत हात घालून मॉर्फीन शोधत होता.
मला बघून सावकाश उठला.
म्हणाला, गुड इव्हिनिंग, मॅम.
त्या मॅमचा काटा अजून अंगावर आहे.

घरी आल्यावर कळलं,
प्रश्न पिस्तुलाचा नव्हताच, विजारीचा होता.
नर्सच्या विजारीला पट्टा नसतो, नुसती नाडी.
नाडी बिचारी लाज राखण्यापुरती,
तिला हे ओझं कसं पेलावं?
पोटाशी खोचलं तर वाकता येईना,
पाठीशी खोचलं तर गाडीत बसता येईना.
पर्समध्ये नको. पर्स कुठेही राहते,
आणि पोरांचे हात कुठेही पोचतात.
शेवटी लॉयलचा जुना पट्टा काढला,
त्याच्या भोकांच्या बऱ्याच अलीकडे
खिळ्यानं एक नवं भोक पाडलं.

आठवडाभर रिकामंच वागवलं, घरातल्या घरात,
भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना.
टक पळत आला, कमरेला बिलगला,
कपाळ चोळत म्हणाला,
आजी, तुझं हाड बाहेर आलंय.
हो रे, म्हटलं. वयानं येतं.

सोमवारी भरलं.
सोमवारीच टॅकेटांकडे पाळी होती.
रँडलचा ट्रक दारात नव्हता.
म्हाताऱ्याला काखेत धरून वर सरकवताना
त्याचा हात घसरला, माझ्या उजव्या कुशीवर आला,
आणि तिथेच थांबला.

हा माणूस साठ वर्षं हरणं मारत हिंडलेला.
बोटांना आता चमचा धरवत नाही,
पण बोटं विसरलेली नव्हती.
सदऱ्यावरूनच त्यांनी लांबी मापली, मूठ मापली.
मी श्वास धरून उभी.
भिंतीवर रँडलचा शाळेतला फोटो,
पुढचे दोन दात पडलेले.

भरलंय?
हो, मी म्हटलं.
कुणासाठी, ते त्यानंही विचारलं नाही.
हात काढून पांघरुणावर ठेवला,
बराच वेळ फोटोकडे नाही, छताकडे बघत राहिला.

मग म्हणाला,
उशी जरा वर घे.