सुकतीचा तक्ता

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर
घड्याळाच्या शेजारी एक तक्ता डकवलाय
भरती-सुकतीचा.
अमावास्येला सुकती पहाटे साडेपाचला,
दुसऱ्या दिवशी सव्वासहा, मग सात.
रोज पाऊण तास उशिरा येते ही बया
आणि तिला कुणी मेमो देत नाही.

तिच्यामागे आम्ही.
गुडघाभर चिखलात लोखंडी चौकट टाकायची,
आतल्या तिसऱ्या मोजायच्या,
आकडा ओरडायचा,
काठावर डॉ. लुद्रिक बाई लिहून घेतात.
त्यासाठी परिपत्रक आहे, जुनं, गोल शिक्क्याचं:
क्षेत्रकार्य सुकतीनुसार, हजेरीत शिथिलता.
म्हणजे आचऱ्याच्या खाडीला
सवलत कधीच मंजूर झालेली आहे.

मी मागितली, तर खिडकीतून फॉर्म आला.
बालसंगोपन रजा. पुरुष कर्मचारी असल्यास
पत्नी हयात नाही
किंवा अंथरुणाला खिळलेली आहे,
लागू असेल तिथे खूण करा.
माझी हयात आहे, साहेब.
रुग्णालयात रात्रपाळीला आहे,
सकाळी साडेआठला सुटते,
यष्टीत खिडकीला डोकं टेकते
आणि कधीकधी तिठ्यावर उतरायचं विसरते.
ह्यापुढे चौकोन नव्हता.
मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला,
तो तिसऱ्यांबरोबर भिजला.

दुर्वा सव्वादोन वर्षांची.
पहाटे तिला गोधडीसकट उचलून
शेजारी खोब्रेकरणीच्या दारात.
"दी चेडवाक हडे," ती म्हणायची,
पण तिलाही लिलावाला जायचं असे,
मग आमचं पोर टोपल्यांच्या रांगेत बसून
बांगडे मोजायचं:
एक, दोन, चार.

आणि दहा वाजता यंत्रावर अंगठा.
कालवांनी कापून कापून
माझ्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
करतो.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.

अर्ज लिहायला तीन रात्री बसलो.
महोदय, सविनय, ह्यापुढे हात चालेना.
चौथ्या रात्री तक्त्याची प्रत घेतली,
पट्टीनं एक रकाना वाढवला:
तारीख, तिथी, सुकती, दुर्वा.
ज्या पहाटे आई पाळीवर, तिथे काट मारली.
बारा काटा निघाल्या महिन्यात.

लुद्रिक बाईंनी चष्मा कपाळावर नेऊन
बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाल्या, "कुबल, सुकती दिवसातून दोनदा येते."
खरंच की.
मी दर्याकाठचा, बापजाद्यांपासून तांडेल,
आणि अकरा वर्षं
आम्ही फक्त पहाटेचीच मोजत आलो,
आधीचे सर सकाळी लवकर उठायचे म्हणून.

आता बारा दिवस आम्ही संध्याकाळी उतरतो.
कुलसचिव कार्यालयाचं उत्तर आलंय: विचाराधीन.
तोवर तक्त्याला पेन्सिलीनं रकाने फुटतायत.
लेखा विभागातल्या मुकादमांनी
सोमवार-गुरुवार लिहिला,
त्यांच्या अम्मीचं डायलिसिस कुडाळला.
ऐनापुरे मॅडम बाळंतरजेवरून परतल्या
तेव्हा नमुन्यांच्या फ्रीजमध्ये
एक बाटली दिसू लागली,
तिच्यावर चिठ्ठी: हा नमुना नव्हे.
शिपायानं फ्रीजचा तो कप्पा पुसून ठेवला,
कुणी सांगितलं नव्हतं.
एक जण मात्र अजून कुरकुरतो,
म्हणतो, मला पोर नाही, म्हातारं नाही,
मी कुठला रकाना भरू?
त्याला अजून कुणाकडे उत्तर नाही.

काल पौर्णिमा. सहाची सुकती.
बायको डबा घेऊन पाळीला निघालेली,
जाताजाता दुर्वाला बांधावर, बाईंच्या पायाशी बसवून गेली.
मी चिखलातून ओरडलो, "एकोणीस!"
बांधावरून आवाज आला,
"एक, दोन, चार!"
बाईंनी वहीत चार लिहिलं,
खोडलं,
आणि मला पुन्हा विचारलं.