ताण

कार्डं छापायला टाकली तेव्हा
अप्पा बळवंत चौकातल्या खळदकरांनी
चष्मा कपाळावर चढवला.
"हे असंच छापायचं? सरळ?"
म्हटलं, सरळच.
"होजिअरी टाकू का? बसतं त्यात सगळं."

बसतं.
बाबा पाहुण्यांना तेच सांगतात, होजिअरी.
काकू म्हणते, गारमेंटमधलं काहीतरी.
आई काहीच म्हणत नाही.
ती अजून दोरीवर आधी ते घालते,
मग त्यावर टॉवेल,
आणि एप्रिलच्या उन्हातही
संध्याकाळी ते दमटच निघतं.
कॉलेजला असताना कितीदा
तसंच अर्धवट ओलं अंगात घालून
मी धनकवडीहून पीएमटी पकडली.

तुळशीबागेत काउंटरमागचा माणूस
नजरेनंच माप घ्यायचा,
"यांना चौतीस दे रे."
आणि आम्ही चौतीस घेऊन यायचो,
आई, मी, मावशी,
तिघी तीन अंगांच्या,
चौतीस.

मशीन जुनं, रविवार पेठेतून उचललेलं,
झिगझॅग घालताना मधेच खोकतं.
लायक्राला साधी सुई चालत नाही,
गोल टोकाची लागते,
धागा न तोडता बाजूला सारणारी.
हे कळेपर्यंत दीड मीटर कापडाची जाळी झाली.
एका वस्तूचे सुटे भाग मोजले एकदा,
वाट्या, पट्ट्या, हुक, कड्या, कडेची नक्षी,
सव्वीस भरले.
तळहातावर मावणाऱ्या वस्तूचे सव्वीस.

बोहरी आळीत मुर्तझाभाई
इलॅस्टिक हातभर ताणतात, सोडतात.
"ताणलं तर काय, काहीही ताणलं जातं.
परत जागेवर येतंय का, ते बघा."
कापडापेक्षा आखूड कापायचं ते
आणि ओढून बसवायचं.
किती ओढायचं?
ते ज्याचं त्याच्या बोटांनी ठरवायचं.

पहिलं गिऱ्हाईक पासलकरबाई.
एकसष्ट वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त.
गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय.
"दुकानात मिळतं ते एकतर शाळेतल्या पोरीचं,
नाहीतर छत्रीचं," म्हणाल्या,
"पाण्यात उतरलं की उघडते."

टेप गार लागली तशा त्या दचकल्या,
मग श्वास रोखून उभ्या राहिल्या.
"सोडा."
"सोडला तर माप वाढेल गं."
"वाढू दे. पाण्यात घ्यायचाच आहे ना?"
कुठे काचतं, विचारलं.
बराच वेळ गेला.
मग काखेत, म्हणाल्या. पाठीत, हुकांपाशी.
आणि खांद्यावर
पदर बाजूला करून दाखवलं,
चाळीस वर्षांच्या पट्टीची खाच,
माझं बोट त्यात नीट बसलं.
मी वहीत आकडे लिहिले.
खाचेला आकडा नव्हता,
तिथे नुसती रेघ मारली.

तीन आठवड्यांनी फोन.
"अगं, शिवण गेली. मागनं.
अर्धा तास टाकीच्या भिंतीला पाठ लावून उभी होते,
सगळी बॅच संपेस्तोवर!"
मला वाटलं रडतायत.
हसत होत्या.
"सोमवारी परत जायचंय, त्याच्या आत दे."

रात्री उसवायला बसले.
क्लोरीननं दोरा खाल्ला होता,
कापडाला काही झालं नव्हतं.
चूक माझी, दहा रुपये वाचवलेल्या रिळाची.
चांगला दोरा आणून शिवला, भिजवला, ताणला,
पुन्हा भिजवला,
पहाटे पुढच्या गॅलरीत दोरीवर टाकला.
गडद निळा, पाठीशी रुंद पट्ट्या,
रस्त्यावरून सरळ दिसेल असा.

आई दूध घ्यायला बाहेर आली.
थांबली.
हातात टॉवेल होताच तिच्या.
तो खांद्यावर टाकून तिनं
निळं ते दोरीवरून उतरवलं, झटकलं,
आतली बाजू बाहेर काढून पुन्हा वाळत घातलं.
"रंग उडेल उन्हानं," म्हणाली.
"उलटं घालत जा."